हिरडा, रानभेंडी आणि काजूची टरफले: सीमाभागातील वनस्पतिजन्य रसायनांचा हिशेब

फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, वाळूचे मोठे साचे घट्ट करण्यासाठी जी फ्युरान रेझिन वापरतात, तिचा उगम उसाच्या चिपाडात किंवा मक्याच्या बुरकुंडात असतो, हे मी पदवीच्या वर्गात सांगते तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो. यांतील काहींचे वडील किंवा काका बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत साचे बनवण्याचे, म्हणजे मोल्डिंगचे, काम करतात. रेझिनचा उग्र वास त्यांच्या कपड्यांबरोबर घरी येतो, आणि असा वास असलेली वस्तू उसापासून निघू शकते ही गोष्ट मनाला चटकन पटत नाही. तिच्यामागचे रसायनशास्त्र मात्र समजायला अवघड नाही. चिपाडात सेल्युलोजच्या जोडीला झायलान नावाचे, पाच कार्बनच्या शर्करांनी बनलेले बहुवारिक (पॉलिमर) असते. सौम्य आम्ल आणि वाफ यांनी त्याचे विघटन केले की झायलोज मिळते. झायलोजच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युराल तयार होते, त्याला हायड्रोजनची जोड दिली की फरफ्युरिल अल्कोहोल मिळते, आणि आम्लाच्या सान्निध्यात हेच अल्कोहोल वाळूच्या कणाकणाभोवती कठीण जाळे तयार करते. अमेरिकेत ओटच्या फोलपटांपासून फरफ्युरालचे औद्योगिक उत्पादन १९२१ च्या सुमारास सुरू झाले. त्याच्याही आधीपासून फाउंड्रीतील कोर, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे, भाजण्यापूर्वी वाळूत अळशीचे तेल, डेक्स्ट्रिन आणि मोलॅसिस मिसळण्याची पद्धत होती.

म्हणजे वनस्पतींपासून कारखान्याला लागणारे पदार्थ मिळवणे ही आजची कल्पना नव्हे. आज नवी आहे ती या पदार्थांना सरसकट पर्यावरणपूरक म्हणण्याची घाई. फरफ्युरिल अल्कोहोलची वाफ श्वासात जाणे हानिकारकच असते, मग ते चिपाडापासून आलेले असो वा नसो. आणि साच्यात वितळलेले लोखंड ओतले की रेझिन घट्ट करण्यासाठी वापरलेल्या सल्फोनिक आम्लापासून सल्फर डायऑक्साइड निघतो. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांतील सातवे तत्त्व कच्चा माल पुन्हा निर्माण होऊ शकणारा असावा असे सांगते. हे सातवे तत्त्व सर्वांना तोंडपाठ असते. पाचवे तत्त्व निरुपद्रवी द्रावक वापरण्यास सांगते आणि दहावे तत्त्व, काम संपल्यावर पदार्थाचे निसर्गात विघटन व्हावे, असे सांगते. या दोहोंची आठवण प्रकल्प-अहवालांमध्ये क्वचितच आढळते. वनस्पतीचा अर्क कोठून आला, कशात काढला, प्रत्येक वेळी त्याची ताकद तीच राहते का, आणि वापरून झाल्यावर तो कोठे जातो, एवढे चारही प्रश्न विचारले गेले तरच त्याला टिकाऊ म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या सीमाभागात या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी लागणारे सर्व काही हाताशी आहे. खानापूरचे जंगल, निपाणीची तंबाखू, चंदगडचा काजू, घटप्रभेकाठचा ऊस आणि बेळगावचे कारखाने एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात.

वनस्पतीचा रस नेमके काय काम करतो हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे असेल, त्याने हिवाळ्यात गोकाक, हुक्केरी किंवा रायबाग तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर जावे. उसाच्या कच्च्या रसात साखरेबरोबर प्रथिने, डिंकासारखे पदार्थ, मेण, बारीक माती आणि रंगद्रव्ये असतात. काहील तापू लागली की प्रथिने गोठतात, परंतु त्यांचे कण इतके सूक्ष्म असतात की ते आपोआप वर येत नाहीत. अशा वेळी गुळव्या रानभेंडीची ठेचून पाण्यात भिजवलेली खोडे घोळून निघालेला बुळबुळीत रस काहिलीत सोडतो. या रसात गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल यांच्या लांबलचक साखळ्या असतात. एक साखळी अनेक कणांना एकाच वेळी धरून ठेवते, त्यांचे मोठे पुंजके बनतात, रसातील हवा त्यांना वर उचलते आणि काळपट, जाड मळी पृष्ठभागावर गोळा होते. ती झाऱ्याने काढून टाकली की खालचा रस स्वच्छ, सोनेरी दिसू लागतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ज्याला फ्लॉक्युलेशन म्हणतात, ती हीच क्रिया आहे, आणि गुळव्याला ती पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेली आहे.

याच्या शेजारी सोडियम हायड्रोसल्फाइट ठेवून पाहावे. गुऱ्हाळावर त्याला नुसते हायड्रोस म्हणतात. बाजार पिवळाधमक गूळ मागतो म्हणून ते टाकले जाते, पण ते मळी काढत नाही. रंगद्रव्यांचे क्षपण करून त्यांचा रंग तेवढा घालवते. हवेतील ऑक्सिजनच्या संपर्काने तो रंग हळूहळू परत येतो, गूळ साठवणीत काळवंडतो आणि गंधकाचा अंश मात्र खाणाऱ्याच्या वाट्याला येतो. भेंडीचे काम खरे आहे, हायड्रोसचे दिखाऊ आहे. असे असूनही हायड्रोस का टिकले, याचा विचार प्रामाणिकपणे करायला हवा. पुडी फोडून टाकता येते, भेंडी लावावी लागते, तोडावी लागते, ठेचावी लागते, आणि खोड कोवळे आहे की जून यावर चिकटपणा बदलतो. खोडे वाळवून भुकटी करून ठेवता येते, पण वाळवताना उष्णता जास्त झाली तर साखळ्या तुटतात आणि भुकटीचा गुण उतरतो. गुळव्याच्या हाताला जे कळते ते भुकटीच्या पाकिटावर आकड्यात कसे लिहायचे, हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो हलका मानण्यासारखा नाही.

या भागातील सर्वांत समृद्ध उदाहरण मात्र चामड्याचे आहे. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्यांत बेळगाव जिल्हा आहे. अथणी तालुका आणि निपाणीचा परिसर या चपलेसाठी ओळखला जातो. या चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. चुन्यात टाकून केस आणि मांस काढून घेतलेल्या कातडीची पिशवी शिवतात, तिच्यात साल आणि हिरडा यांचे पाणी भरून ती टांगतात, झिरपून आलेले पाणी पुन्हा पिशवीत ओततात, आणि हे काम अनेक दिवस चालते. चामडे कमावणाऱ्या ढोर समाजातील आणि चपला शिवणाऱ्या चर्मकार समाजातील स्त्री-पुरुषांनी हे ज्ञान सांभाळले, आणि रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याला जितकी जागा मिळायला हवी तितकी ती अद्याप मिळालेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कातडीतील मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात आणि त्यांच्या आसपास पाणी धरलेले असते. साल आणि हिरडा यांतील तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात, आणि त्याच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी असते. हे गट कोलॅजेनच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंध जोडतात, मधले पाणी बाहेर पडते, आणि जीवाणूंना पचवता येईल अशी जागा उरत नाही. म्हणून कातडी कुजत नाही. हिरड्यातील आणि बाभळीतील टॅनिन एका जातीचे नसते, आणि या जोडीतील शहाणपण तेथेच आहे. हिरड्याच्या वाळलेल्या फळात वजनाच्या सुमारे ३० टक्के टॅनिन असते. ग्लुकोजच्या रेणूला गॅलिक आणि चेब्युलिक यांसारखी आम्ले जोडलेली असल्यामुळे पाण्यात त्याचे विघटन होऊ शकते. हिरड्याचे पाणी थोडे आंबते, त्यातून सौम्य आम्ल तयार होते, आणि त्या आम्लामुळे टॅनिनला कातडीत खोलवर शिरायला मदत होते. बाभळीच्या सालीतील टॅनिन संघनित प्रकारचे असते. त्याचे सहजासहजी विघटन होत नाही, ते तंतूंमध्ये भरून बसते आणि चामड्याला भरीवपणा व तांबूस रंग देते. एक वाट मोकळी करते, दुसरे घर भरते. कारागिरांनी ही जोडी प्रयोगशाळेविना निवडली.

क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची, पद्धत १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्त्स यांनी अमेरिकेत पेटंट केली आणि जगातील बहुतेक चामडे आज त्याच मार्गाने जाते. त्याला कारणे आहेत. क्रोमने चामडे एका दिवसात कमावता येते. कच्ची कातडी साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते, वनस्पतींनी कमावलेली ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, आणि क्रोमची १०० अंशांच्याही पुढे जाते. परंतु नेहमीच्या पद्धतीत टाकलेल्या क्रोमियमपैकी ६० ते ७० टक्केच कातडीत बसते. उरलेले सांडपाण्यात जाते, तेथून गाळात जाते, आणि तो गाळ जाळला किंवा चुकीच्या जागी टाकला गेला तर त्रिसंयुजी क्रोमियमचे षट्‌संयुजी, म्हणजे अतिशय विषारी रूप तयार होण्याचा धोका राहतो. ज्या चपलेला उकळत्या पाण्याशी काही देणेघेणे नाही तिच्यासाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

तरीही वनस्पतिजन्य पद्धतीचा हिशेब मी सोडून देणार नाही. हिरड्या-बाभळीचे वापरलेले पाणी गडद असते, त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातील द्रव्यांच्या विघटनाला लागणारा ऑक्सिजन, फार जास्त असते, आणि टॅनिन हे जीवाणूंना रोखणारेच द्रव्य असल्यामुळे नेहमीच्या जैविक प्रक्रियेत त्याचे विघटन सावकाश होते. असे पाणी ओढ्यात सोडले तर ओढ्यातील प्राणवायू संपतो. त्या वेळी ते झाडाचे आहे, हे माशांच्या उपयोगाचे नसते. दुसरी बाजू झाडाची आहे. हिरड्याचे फळ झाडाखाली वेचता येते आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येते. साल मात्र झाडाच्या अंगावरून काढावी लागते, आणि खोडाला वेढून साल काढली तर झाड मरते. म्हणून शेताच्या बांधावरील तोडलेल्या बाभळीची साल वापरणे आणि सालीसाठी बाभूळ तोडणे या माझ्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्हींचा अर्क काचेच्या भांड्यात सारखाच दिसत असला तरी.

टॅनिनचे दुसरे मोठे काम लोखंडाशी आहे. हिरड्याच्या काढ्यात गंजलेला खिळा टाकला की थोड्याच वेळात पाणी निळसर काळे होते. लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगातून झालेला हाच लोह-टॅनेट जुन्या काळच्या शाईत होता आणि गंजावर लावण्याच्या आजच्या प्रायमरमध्येही तो तयार होतो: गंजाचा सुटा थर टॅनिनशी जोडला जाऊन घट्ट, काळ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या थरात बदलतो. बॉयलरच्या पाण्यात टॅनिन टाकण्याची पद्धतही जुनी आहे. अल्कधर्मी गरम पाण्यात टॅनिन विरघळलेला ऑक्सिजन शोषून घेते, क्षारांना कठीण पापुद्र्याऐवजी सुटा गाळ बनवते आणि नळ्यांच्या आतील बाजूस पातळ संरक्षक थर धरते. ऑक्सिजन काढण्यासाठी हायड्रॅझिनसारखे विषारी द्रव्य हाताळण्यापेक्षा हा मार्ग कामगारांसाठी निश्चितच सुरक्षित आहे, आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात बॉयलरची उणीव नाही.

पोलाद आम्लात धुण्याच्या कामात, ज्याला कारखान्यात पिकलिंग म्हणतात, हायड्रोक्लोरिक आम्लाने गंज आणि पापुद्रा काढायचा असतो, पण खालचे चांगले पोलाद खाल्ले जाऊ नये म्हणून आम्लात रोधक टाकावा लागतो. याचे एक जुने ब्रिटिश पेटंट १८९५ चे आहे, आणि त्यात पोलादी पत्रे धुताना मोलॅसिस आणि वनस्पती तेल टाकण्याची सूचना आहे. अर्कातील ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधक असलेले रेणू आपल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांच्या साहाय्याने पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि आम्लाला जागा उरू देत नाहीत, हे त्यामागचे तत्त्व आहे. मेंदी, कडुनिंब, चहाची पाने अशा असंख्य वनस्पतींचे अर्क या कामासाठी तपासले गेले आहेत. तंबाखूचाही त्यात समावेश आहे, आणि म्हणून निपाणीच्या वखारींतून निघणारे देठ, काड्या आणि धूळ यांबद्दल मला आशा वाटते. मात्र या आशेला एक मर्यादा आहे. तंबाखूच्या अर्कात निकोटिन असते, ते त्वचेतून शरीरात जाते, आणि एके काळी निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून विकले जात असे. त्या अर्काचे पिंप उचलणाऱ्या माणसाचे हात सुरक्षित राहतील याची सोय आधी व्हावी, रोधनाची टक्केवारी नंतर मोजावी.

या विषयावरील शोधनिबंध मी नियमाने वाचते आणि त्यांतील एका सवयीबद्दल मला स्पष्ट बोलावेसे वाटते. बहुतेक ठिकाणी पोलादाचा चकचकीत तुकडा एक मोलर, म्हणजे बऱ्याच सौम्य, आम्लात, खोलीच्या तापमानाला, काही तास ठेवतात. अर्कासह आणि अर्काविना वजनातील घट मोजतात. ९० टक्क्यांच्या वर रोधन मिळाले की लँगम्यूरचा (रेणू पृष्ठभागाला कसे चिकटतात ते दाखवणारा) आलेख काढून निबंध संपवतात. प्रत्यक्ष कारखान्यातील आम्ल १० ते १५ टक्के असते, कधी कोमट असते, त्याच बाथमध्ये एकामागून एक लॉट धुतले जातात, आणि लोहाचे क्षार वाढत वाढत द्रावण हिरवट होते. त्यात अर्क किती दिवस टिकतो? साठवणीच्या पिंपात त्यावर बुरशी येते का? पावसाळ्यात तोडलेल्या पानांचा आणि उन्हाळ्यात तोडलेल्या पानांचा अर्क सारखा असतो का? फाउंड्रीचा किंवा हायड्रॉलिक्सचा मालक हेच प्रश्न विचारतो, आणि त्याचे विचारणे योग्य आहे. शिवाय अनेक निबंधांत अर्क मिथेनॉलमध्ये काढलेला असतो. मूठभर पानांसाठी भांडेभर विषारी द्रावक खर्ची पडत असेल, तर त्या अर्काला हरित म्हणताना हात थबकला पाहिजे. अर्क पाण्यात निघत असेल तर पाण्यातच काढावा, आणि पाण्यात निघत नसेल तर द्रावक परत मिळवण्याचा खर्च लिहून दाखवावा.

टाकाऊ मालापासून खरोखर बाजारात पोहोचलेला पदार्थ पाहायचा असेल तर काजूच्या टरफलाकडे यावे. बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यात काजू फोडण्याचे अनेक छोटे कारखाने आहेत आणि टरफलांचे ढीग त्यांच्या आवारात दिसतात. या टरफलात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तेल असते. मूळ तेलात ॲनाकार्डिक आम्ल मुख्य असते. ते तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरते. कार्डेनॉल हे फिनॉलच आहे, फक्त त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी जोडलेली आहे. फिनॉलचे टोक फॉर्माल्डिहाइडशी रेझिन बनवते आणि शेपटी त्या रेझिनला लवचीकपणा व पाण्यापासून संरक्षण देते. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये घर्षण सांभाळणारी भुकटी, जहाजांच्या रंगात ओल्या पृष्ठभागावरही घट्ट होणारे इपॉक्सीचे हार्डनर, आणि फाउंड्रीतील कोर ऑइल, हे सर्व या तेलातून निघते. खाण्याच्या पिकाशी त्याची स्पर्धा नाही, त्याच्यासाठी वेगळी जमीन लागत नाही, आणि खनिज तेलापासून मिळणाऱ्या फिनॉलचा काही भाग ते खरोखर वाचवते.

त्याच तेलाने काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांची कातडी जळते. त्या हाताला राख किंवा तेल चोळून काम करतात, तरी बोटे काळी पडतात आणि सालपटतात. टरफल भट्टीत तसेच जाळले तर डोळे झोंबवणारा धूर निघतो. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण वनस्पतिजन्य पदार्थाच्या साखळीत सर्वांत आधी ज्याचा हात त्याला लागतो त्या माणसाची नोंद अहवालात नसते. हातमोजे आणि वाफवून टरफल कापण्याची यंत्रे हाही या रसायनशास्त्राचाच भाग मानला जावा.

इतर काही पदार्थांचा उल्लेख थोडक्यात करते. वर्कशॉपमधील लिथियम ग्रीसचा जो साबणासारखा घट्ट भाग असतो तो एरंडेलापासून मिळणाऱ्या १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लाचा असतो, म्हणजे उद्यमबागेत बेअरिंगला ग्रीस लावणारा प्रत्येक कामगार एरंड वापरतोच आहे. शहापूर-वडगावच्या मागांवर सुताला जी खळ द्यावी लागते तिच्यासाठी चिंचोक्याच्या पिठातील झायलोग्लुकन उत्तम काम करते, आणि कापड धुतल्यावर ते सांडपाण्यात कृत्रिम पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपेक्षा लवकर कुजते. रिठ्यातील सॅपोनिन मातीतील जड धातू धुऊन काढण्यासाठी तपासले गेले आहे. मात्र सॅपोनिन माशांना मारते, त्यामुळे रिठ्याचे पाणी नदीत सोडणे निर्धोक आहे असे कोणी समजू नये. पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवण्याच्या प्रयोगांत मला फारसा रस उरलेला नाही. तुळशीने होते, कडुनिंबाने होते, जवळजवळ प्रत्येक पानाने होते हे आता सिद्ध झाले आहे, आणि पुढचे काम वेगळ्या दिशेने व्हायला हवे.

पाण्याच्या शुद्धीकरणात वनस्पतींची परीक्षा सर्वांत कडक असते. शेवग्याच्या बियांत धन विद्युतभार असलेले छोटे प्रथिन असते. गढूळ पाण्यातील मातीचे कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलत असतात. हे प्रथिन त्यांचा भार निवारते आणि कण एकत्र येऊन खाली बसतात. तुरटीने पाण्याचा सामू उतरतो, शेवग्याने जवळजवळ उतरत नाही, आणि खाली बसलेल्या गाळात ॲल्युमिनियम नसते. निवळीच्या बियांचा उल्लेख सुश्रुतसंहितेतही पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांत येतो. पावसाळ्यात मलप्रभेचे तांबडे पाणी भरून ठेवणाऱ्या घराला यातून खरी मदत होऊ शकते. पण बीची अख्खी पूड टाकली तर प्रथिनाबरोबर तेल आणि इतर सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात, त्यांवर जीवाणू वाढतात, आणि असे पाणी फार वेळ साठवता येत नाही. शिवाय गढूळपणा गेला तरी पाणी उकळणे किंवा क्लोरिन टाकणे टळत नाही. आधी तेल काढून घेतलेली पेंड वापरली तर हा दोष बराच कमी होतो. बेळगावचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्यावर शेवगा हा उपाय आहे का, असे मला विद्यार्थी विचारतात. नाही; शेवगा तरंगणारे कण खाली बसवतो, विरघळलेले सेंद्रिय द्रव्य, नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याच्या हाती लागत नाहीत.

उद्योगाच्या प्रमाणावर पोहोचलेली उदाहरणेही आहेत. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याची बेयर प्रक्रिया १८८८ मध्ये पेटंट झाली आणि बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यामुळे या भागाला ती परिचित आहे. या प्रक्रियेत उरणारा लाल चिखल खाली बसवण्यासाठी जगभर अनेक दशके मका आणि इतर पिकांचे पिष्ट वापरले गेले; पुढे बहुतेक ठिकाणी ॲक्रिलिक बहुवारिके आली, कारण ती कमी प्रमाणात आणि जास्त वेगाने काम करतात. ब्राझीलमध्ये वॅटल झाडाच्या सालीतील टॅनिनला धनभारित करून पाणी शुद्धीकरणासाठी विकले जाते. तेथे वॅटलची लागवड होते, तोडलेल्या झाडाची साल घेतली जाते, प्रत्येक पिंपाची ताकद ठरलेली असते, म्हणून तो पदार्थ टिकला. तो बनवताना फॉर्माल्डिहाइड लागते, हेही त्याच्या हिशेबात लिहावे लागते.

ब्राझीलच्या वॅटलची लागवड आणि खानापूरचा हिरडा यांतला फरक मला अस्वस्थ करतो. खानापूरचा हिरडा जंगलातून येतो. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. कणकुंबीकडच्या गावांतील माणसे त्या जंगलाच्या कडेने राहतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी ग्रामस्थांना मान्य केला आहे. उद्या एखाद्या कारखान्याने हिरड्याचा अर्क टनावारी मागितला, तर फळे झाडाखालून वेचली जातील की फांद्या तोडून पाडली जातील, हे वेचणाऱ्याला मिळणाऱ्या दरावर ठरेल. दर चांगला असेल तर तो झाड राखील. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना सांगते की आधी कारखान्यांचा टाकाऊ माल पाहावा, मग फळ आणि गळलेले पान, आणि सालीकडे सर्वांत शेवटी वळावे. मूळ तर खणूच नये.

यंदा शेवटच्या वर्षाच्या गटाला मी हिरड्याचाच विषय दिला आहे, पण तो नेहमीच्या पद्धतीने करायचा नाही असे ठरले आहे. खानापूर तालुक्यातील निरनिराळ्या गावांतून, वेचणाऱ्यांना बाजारापेक्षा वरचा दर देऊन, फळे घ्यायची. अर्क फक्त गरम पाण्यात काढायचा. प्रत्येक गावच्या अर्कातील टॅनिन वेगवेगळे मोजायचे. आणि अर्काचा एक भाग पावसाळाभर पिंपात ठेवून त्याची ताकद किती उतरते ते नोंदवायचे. रोधनाची चाचणी ताज्या आम्लात न घेता उद्यमबागेतील एका कारखान्याने देऊ केलेल्या, लोहाने भरलेल्या जुन्या पिकलिंग बाथमध्ये घ्यायची, आणि काम झालेल्या द्रावणाची ऑक्सिजन मागणी त्याच तक्त्यात शेवटच्या रकान्यात लिहायची. बाथचा पहिला कॅन प्रयोगशाळेत आला आहे, आणि मुलांनी त्यातील लोह मोजायला सुरुवात केली आहे.